‘डिस्कस अबाउट’ जाता जात नाही: नेमकं कुठे बिघडलंय?

तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते: ‘सर, वहीत शंभरदा लिहून काढलं, पेपरात बरोबर येतंय, पण बोलायला गेलं की डिस्कस अबाउटच जातंय की ओ.’

सोलापुरात माझा संध्याकाळचा इंग्रजीचा वर्ग असतो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल कारखान्यांच्या ऑफिसात बसणारी पोरं, बँकेच्या परीक्षा देणाऱ्या मुली, पुण्यातल्या इंटरव्ह्यूआधी आठ दिवस धावत येणारे इंजिनिअर. प्रत्येकाची गरज वेगळी, पण इंग्रजी क्रियापदानंतर प्रेपोझिशन (‘टू’, ‘फॉर’, ‘अबाउट’सारखा दुवा जोडणारा छोटा शब्द) चुकायचं हे दुखणं सगळ्यांना आहे. मुळात मलाही होतं. त्यामुळे इथे जे लिहितोय ते आधी स्वतःवर करून बघितलेलं आहे.

आधी लक्षणं नीट बघू, कारण इथेच बहुतेकांची गल्लत होते. चुका दोन प्रकारच्या असतात आणि त्या एकमेकींच्या उलट असतात.

पहिल्या प्रकारात प्रेपोझिशन जास्तीचं घुसतं. ‘वी डिस्कस्ड अबाउट द रेट.’ ‘आय रीच्ड टू पुणे.’ ‘कॉन्टॅक्ट टू मी.’ ‘आस्क टू सर.’ ‘शी मॅरीड विथ अ डॉक्टर.’ ‘आय रिक्वेस्टेड फॉर लीव्ह.’ या सगळ्या वाक्यांत क्रियापद आणि कर्म यांच्यामधला शब्द उचलून फेकून द्यायचा, वाक्य बरोबर होतं.

दुसऱ्या प्रकारात हवं ते गळतं. ‘आय लिसन साँग्ज.’ ‘वेट मी.’ ‘लुक धिस फोटो.’ ‘एक्सप्लेन मी द बिल.’

आता अडचण लक्षात येईल. ‘उगाच प्रेपोझिशन घालू नका’ असं सांगितलं की पहिला प्रकार कमी होतो आणि दुसरा वाढतो. ‘प्रेपोझिशन विसरू नका’ म्हटलं की उलटं. गादीचा एक कोपरा दाबला की दुसरा वर येतो, तसलं हे प्रकरण आहे. शिवाय बाजारातल्या पुस्तकांत याद्या असतात त्या एबीसीडीच्या क्रमानं. ‘एंटर’च्या शेजारी ‘एक्सप्लेन’ बसवलेलं असतं, आणि दोघांचा आजार वेगळा असतो. यादी पाठ होते, पण आजार तसाच राहतो.

पहिली तपासणी ‘ला’ची.

मराठीत आपण म्हणतो, ‘मी सिनेमा पाहिला’ आणि ‘मी तुला पाहिलं’. क्रियापद तेच, पण सिनेमाला प्रत्यय नाही आणि माणसाला ‘ला’ लागला. कर्म निर्जीव असेल तर ते बहुतेक वेळा उघडं राहतं, माणूस असेल तर ‘ला’ घेतो. इंग्रजीला माणूस आणि सिनेमा यांत असला फरक करायची सवय नाही. ‘आय सॉ द फिल्म’, ‘आय सॉ यू’. संपलं.

पण आपल्या डोक्यात ‘ला’ म्हणजे ‘टू’ हे समीकरण शाळेपासून बसलेलं असतं. ‘सरांना विचार’ म्हणून ‘आस्क टू सर’. ‘त्याला सांगितलं’ म्हणून ‘टोल्ड टू हिम’. ‘पुण्याला पोहोचलो’ म्हणून ‘रीच्ड टू पुणे’. आणि जिथे मराठीत प्रत्ययच नाही तिथे इंग्रजीतही काही लागणार नाही असं आपण गृहीत धरतो: ‘गाणी ऐकतो’ म्हणून ‘लिसन साँग्ज’, ‘फोटो बघ’ म्हणून ‘लुक फोटो’. म्हणजे वरच्या दोन उलट्या चुका बऱ्याच अंशी एकाच मुळातून येतात. ‘माझी वाट बघ’मध्ये तर ‘ची’ला इंग्रजीत काय म्हणावं हेच सुचत नाही, म्हणून ती जागा रिकामी सोडून पोरगं ‘वेट मी’ म्हणतं.

दुसरी तपासणी ‘करणे’ची. माझ्या मते खरा बिघाड इथे आहे, आणि हे मला कुठल्या पुस्तकानं नाही, वर्गातल्या तीन मुलांनी शिकवलं.

त्या बॅचमध्ये एक घरी मराठी बोलणारा होता, एक अक्कलकोटकडचा कन्नड बोलणारा आणि एक मुलगी पूर्व भागातली, घरी तेलुगू. सोलापुरात हे नवल नाही, एकाच बाकावर तीन भाषा बसतात. तिघंही ‘डिस्कस अबाउट’ म्हणत होते. मी म्हटलं, आपापल्या भाषेत सांगा बघू, ‘आम्ही दराबद्दल चर्चा केली’. मराठीत ‘बद्दल’ आलं, कन्नडमध्ये ‘बग्गे’ आलं, तेलुगूत ‘गुरिंची’ आलं. मागून एकानं दखनीतलं ‘के बारे में’ही टाकलं. चारही भाषांत ‘अबाउट’ हजर! पोरं बिचारी इंग्रजी चुकत नव्हती, घरचं प्रामाणिकपणे उचलून आणत होती.

मग फळ्यावर मराठी वाक्य लिहिलं आणि विचारलं, यात क्रियापद कोणतं? ‘चर्चा करणे’ असं उत्तर आलं. बरोबर, पण अर्धंच. क्रियापद फक्त ‘करणे’ आहे. ‘चर्चा’ हे नाम आहे. आणि ‘बद्दल’ची गरज त्या नामाला आहे. कशाबद्दलची चर्चा? दराबद्दलची.

आता इंग्रजीत बघा. ‘डिस्कशन’ या नामालाही हेच लागतं: ‘वी हॅड अ डिस्कशन अबाउट द रेट’. अगदी शुद्ध इंग्रजी. पण ‘डिस्कस’ हे नाम नाही, क्रियापद आहे, आणि ते कर्माला थेट हात घालतं: ‘वी डिस्कस्ड द रेट’. वर्गात मी सांगतो, नामाला ओझं उचलायला हमाल लागतो, क्रियापद स्वतःच उचलतं. ‘डिस्कस अबाउट’ म्हणजे स्वतःच्या डोक्यावर पोतं घेऊन वर हमालालाही पैसे देणं.

आणि मराठीत अशी नाम अधिक ‘करणे’ किंवा ‘देणे’ची क्रियापदं किती आहेत बघा. विनंती करणे, मागणी करणे, हल्ला करणे, प्रवेश करणे, लग्न करणे, भेट देणे, उत्तर देणे, भर देणे, संपर्क साधणे, परिणाम करणे. आपण वाक्य जुळवताना मनात हे नाम असतं, त्याच्यासोबत त्याचा प्रत्यय येतो, आणि तोंडातून मात्र इंग्रजी क्रियापद पडतं. नाम गेलं, हमाल मागे राहिला.

हे एकदा डोक्यात बसलं की पाठांतर अर्ध्यावर येतं, कारण दोन्ही रूपं शेजारी ठेवली की जोडी आपोआप सांभाळली जाते. ‘अॅन ऑर्डर फॉर फाइव्ह हंड्रेड टॉवेल्स’, पण ‘दे ऑर्डर्ड फाइव्ह हंड्रेड टॉवेल्स’. ‘अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह’, पण ‘शी रिक्वेस्टेड लीव्ह’. ‘अ व्हिजिट टू द सिद्धेश्वर टेंपल’, पण ‘वी व्हिजिटेड द सिद्धेश्वर टेंपल’. ‘एम्फसिस ऑन क्वालिटी’, पण ‘एम्फसाइज क्वालिटी’. ‘द आन्सर टू युअर क्वेश्चन’, पण ‘आन्सर माय क्वेश्चन’. ‘अॅन अटॅक ऑन द कॅम्प’, पण ‘दे अटॅक्ड द कॅम्प’. ‘मॅरी’चं जरा तिरपागडं आहे: ‘शी मॅरीड अ डॉक्टर’ यात काही लागत नाही, पण अवस्था सांगायची असेल तर ‘शी इज मॅरीड टू अ डॉक्टर’. ‘विथ’ कुठेच नाही. तो आपल्या ‘शी’तून आलाय, ‘डॉक्टरशी लग्न’.

तर पहिला उपाय: क्रियापद अडलं की त्याचं मराठी मनात म्हणा. मराठीत नाम अधिक ‘करणे’ येतंय आणि इंग्रजीत एकच शब्द आहे, तर मधल्या प्रेपोझिशनवर संशय घ्या. दहातल्या दहा वेळा लागू पडेल असं म्हणत नाही, ‘कम्प्लेन अबाउट’ म्हणजे तक्रार करणेच आहे आणि तिथे ‘अबाउट’ लागतंच. संशय घ्या, फाशी देऊ नका.

गळणाऱ्या प्रकाराला मात्र ही तपासणी चालत नाही. तिथे दुसरी युक्ती: क्रियापद एकट्यानं हाक मारून बघा. ‘लिसन!’ ‘वेट!’ ‘लुक!’ हाक पूर्ण झाली, समोरच्याला कळलं काय करायचं ते. ही क्रियापदं एकटी सुखी आहेत. त्यांना कर्म जोडायचं तर मध्ये दुवा लागतो: ‘लिसन टू मी’, ‘वेट फॉर मी’, ‘लुक अॅट मी’. उलट ‘डिस्कस!’ म्हणून बघा. समोरचा विचारेल, ‘काय?’ ‘मेन्शन!’ म्हटलं तरी तेच. ही भुकेली क्रियापदं आहेत, कर्म थेट गिळतात.

या चाळणीतूनही काही दाणे निसटतात, ते आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर दोन दिवसांनी कुणीतरी पकडून आणेल. ‘एंटर’ आणि ‘आन्सर’ एकटेही राहतात आणि कर्मही थेट घेतात. ‘डिपेंड’, ‘रिलाय’, ‘कन्सिस्ट’, ‘बिलाँग’ यांची एकट्यानं हाक पूर्ण होत नाही, तरी कर्म जोडताना त्यांना ‘ऑन’, ‘ऑन’, ‘ऑफ’, ‘टू’ लागतात. हे चार सरळ पाठ करा. ‘कन्सिस्ट ऑफ’ पाठ झालं की ‘कम्प्राइज ऑफ’ तोंडात येतं, ते थोपवा: ‘कम्प्राइज’ला काही लागत नाही.

एक गोष्ट अजून उपयोगी पडते. एका मराठी शब्दाला इंग्रजीत दोन-दोन, तीन-तीन भाऊ असतात आणि एकालाच दुवा लागतो. बघणे: ‘सी’ आणि ‘वॉच’ थेट, ‘लुक’ला ‘अॅट’. ऐकणे: ‘हिअर’ थेट, ‘लिसन’ला ‘टू’. पोहोचणे: ‘रीच पुणे’, पण ‘अराइव्ह इन पुणे’, स्टेशन असेल तर ‘अराइव्ह अॅट द स्टेशन’. मागणे: ‘रिक्वेस्ट लीव्ह’, पण ‘आस्क फॉर लीव्ह’. अगदीच अडलं तर दुव्याशिवायचा भाऊ वापरून वेळ मारून न्यावी, इंटरव्ह्यूत हे पाप नाही.

‘एक्सप्लेन मी’चा आजार वेगळा आहे, त्याला वरच्या चाळण्यांत टाकू नका. ‘गिव्ह मी’, ‘टेल मी’, ‘शो मी’, ‘सेंड मी’ हे सगळं बरोबर, म्हणून ‘एक्सप्लेन मी’ही बरोबर वाटतं. पण ‘गिव्ह’, ‘टेल’, ‘शो’, ‘सेंड’ हे इंग्रजीच्या घरचे जुने, छोटे शब्द आहेत. ‘एक्सप्लेन’, ‘डिस्क्राइब’, ‘सजेस्ट’, ‘इंट्रोड्यूस’, ‘अनाउन्स’ हे लॅटिनकडून आलेले, बहुतेक लांब शब्द. त्यांना दोन कर्मं शेजारी शेजारी चालत नाहीत: आधी वस्तू, मग ‘टू’ लावून माणूस. ‘एक्सप्लेन द बिल टू मी.’ ‘सजेस्ट अ गुड हॉटेल टू अस.’ एक्सप्लेनचा लॅटिनमधला मूळ अर्थ आहे सपाट करणे. सपाट बिलाला करायचंय, मला नाही. म्हणून बिल आधी. (‘ऑफर’ आणि ‘प्रॉमिस’ लॅटिनमधून येऊनही ‘ऑफर मी अ जॉब’ चालवून घेतात. घरजावई झालेत ते.)

आता जिथे दोन्ही बरोबर असतात पण अर्थ बदलतो तो भाग. इथे मार्क नाही जात, अब्रू जाते.

वर्ग सुरू करण्याआधी मी टॉवेल निर्यात करणाऱ्या एका ऑफिसात ई-मेल लिहायला होतो. परदेशातल्या ग्राहकानं रंग जुळवायला नमुन्याचे टॉवेल पाठवले होते आणि ते पार्सल आमच्याच गोडाऊनमध्ये कुठेतरी हरवलं. मी मोठ्या आत्मविश्वासानं लिहिलं, ‘वी आर सर्चिंग युअर पार्सल सिन्स मंडे’. काळ चुकलाच होता, तो आजार वेगळा. पण उत्तर आलं ते जरा तापलेलं: आमच्या पार्सलमध्ये तुम्हाला कसला संशय आहे, आणि सोमवारपासून ते उघडून तुम्ही काय शोधताय?

‘सर्च’नंतर थेट कर्म आलं की त्याचा अर्थ झडती घेणे. पोलीस घर ‘सर्च’ करतात, विमानतळावर बॅग ‘सर्च’ होते. हरवलेली वस्तू शोधायची तर ‘सर्च फॉर’. ‘आय सर्च्ड माय बॅग फॉर द की’: झडती बॅगेची, शोध चावीचा, दोन्ही एका वाक्यात. एका ‘फॉर’पायी मालकांना स्वतः फोन करावा लागला. पार्सल त्याच संध्याकाळी पॅकिंगच्या टेबलाखाली सापडलं.

अशा जोड्या फार नाहीत, पण ऑफिसात रोज भेटतात. ‘अटेंड अ मीटिंग’ म्हणजे हजर राहणे, ‘अटेंड टू अ कस्टमर’ म्हणजे गिऱ्हाइकाकडे बघणे. ‘एंटर द ऑफिस’, पण ‘एंटर इंटू अॅन अॅग्रीमेंट’. ‘पे’चं तर हॉटेलात बसून शिकावं: वेटरला पैसे द्यायचे तर ‘पे द वेटर’, बिल भरायचं तर ‘पे द बिल’, पण ज्या वस्तूचे पैसे देताय तिच्या आधी ‘फॉर’: ‘पे फॉर द टी’. ‘आय नो हिम’ म्हणजे ओळख आहे, ‘आय नो ऑफ हिम’ म्हणजे नुसतं नाव कानावर आहे. नोकरीच्या शिफारशीत हा फरक महागात पडतो. ‘शूट अॅट’ म्हणजे नेम धरून गोळी झाडली, लागलीच असं नाही. ‘शूट’ म्हणजे लागली.

वर्गात हमखास एक जण विचारतो, पण असं का, लॉजिक काय? लॉजिक फारसं नाही. जुन्या इंग्रजीतही आपल्यासारख्या विभक्ती होत्या, शब्दाच्या शेपटीला प्रत्यय लागायचे. शतकांच्या ओघात ते झिजले आणि त्यांची बरीच कामं प्रेपोझिशनच्या गळ्यात पडली. 1066 नंतर नॉर्मन राज्य आलं, फ्रेंच शब्दांचा लोंढा आला, पण ते शब्द आपले जुने नियम सोबत घेऊनच आले असं नाही. आजही फ्रेंचमध्ये ऐकणे, वाट पाहणे, शोधणे यांना काही लागत नाही आणि प्रवेश करणे, उत्तर देणे, आज्ञा पाळणे यांना लागतं. इंग्रजीच्या बरोब्बर उलट. त्यामुळे फ्रेंच माणूसही इंग्रजी शिकताना हेच भोगतो. आणि ‘डिस्कस अबाउट’ नायजेरियापासून सिंगापूरपर्यंत ऐकू येतं. आपण एकटे नाही.

आता मुख्य प्रश्न. कळलंय, पण तोंडात येत नाही, त्याचं काय?

माझा अनुभव असा की साध्या वाक्यानं हे बसत नाही, प्रश्नानं बसतं. मराठीत शब्दयोगी अव्यय कधी सुटं पडत नाही. ‘कशाकडे बघतोयस?’, ‘कुणासाठी थांबलायस?’ यात ‘कडे’, ‘साठी’ आधीच्या शब्दालाच चिकटून जातात. इंग्रजीत प्रश्न विचारला की प्रेपोझिशन एकटं मागे राहतं, थेट क्रियापदाच्या बाजूला: ‘व्हॉट आर यू लुकिंग अॅट?’ ‘हू आर यू वेटिंग फॉर?’ ‘व्हॉट आर यू लिसनिंग टू?’ मध्ये कर्म नाही, त्यामुळे ‘वेटिंग फॉर’ ही जोडी कानाला एक शब्द वाटते. आणि ‘व्हॉट डिड यू डिस्कस?’ इथे वाक्य ‘डिस्कस’वर धाडकन थांबतं. ते थांबणं कानात बसायला हवं.

म्हणून वहीत क्रियापद एकटं लिहू नका, त्याचा प्रश्न लिहा आणि खाली उत्तर. ‘हू आर यू वेटिंग फॉर?’ ‘आय अॅम वेटिंग फॉर माय ब्रदर.’ ‘व्हॉट टाइम डिड यू रीच पुणे?’ ‘आय रीच्ड पुणे अॅट सिक्स.’ रोज पाच, त्याहून जास्त नाही. मोठ्यानं विचारा, स्वतःच उत्तर द्या, मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत वर्ग ओस पडतो, तेव्हा पोरं होम मैदानावरून एकमेकांना व्हॉइस मेसेज टाकतात: ‘वेअर आर यू बे? आय अॅम वेटिंग फॉर यू निअर द बिग व्हील.’ त्यातला ‘बे’ मी दुरुस्त करत नाही.

शंका आली तर शिकणाऱ्यांसाठीची इंग्रजी डिक्शनरी उघडा, पण अर्थ बघून मिटू नका. क्रियापदाच्या बाजूला टी किंवा आय असं अक्षर बऱ्याच डिक्शनऱ्यांत असतं: टी म्हणजे कर्म थेट घेणारं, आय म्हणजे एकटं राहणारं. आय असेल तर उदाहरणातलं प्रेपोझिशन क्रियापदासकट उतरवून घ्या. मराठी अर्थ देणाऱ्या स्वस्तातल्या अॅपवर हे सहसा नसतं.

शेवटी एक साइड इफेक्ट, दर बॅचला येतो म्हणून सांगून ठेवतो. ‘डिस्कस’मधून ‘अबाउट’ उपटलं की पुढचे आठ दिवस पोरं ते जिथे तिथे उपटत सुटतात. ‘वी टॉक्ड द रेट.’ ‘आय अॅम थिंकिंग यू.’ मागे एकानं तर ‘वी हॅड अ डिस्कशन द रेट’ असं लिहून आणलं, म्हणजे नामाचाही हमाल काढून टाकला. घाबरू नका, औषध लागू पडल्याची ती खूण आहे, डोस तेवढा जरा जास्त झालाय. टाळायचं असेल तर ‘टॉक’ला पहिल्याच दिवशी ‘डिस्कस’च्या शेजारी बसवा आणि जोडीनंच म्हणा: ‘व्हॉट डिड यू टॉक अबाउट?’ ‘व्हॉट डिड यू डिस्कस?’